जर्मनीचा करार, पप्पांचं कर्ज आणि तुझं पाचारण

पत्र

आदरणीय बाई, सलाम.

मी 26 वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून काम करते. आमचं गाव नगर जिल्ह्यात. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. माझ्या जर्मनच्या क्लाससाठी, परीक्षेसाठी आणि त्या काळातल्या खर्चासाठी त्यांनी पतसंस्थेतून 2 लाख 40 हजार रुपये उचलले. मी जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा पास झाले. तिकडच्या रुग्णालयाचा करार आलाय, 15 तारखेपर्यंत सही करून एजन्सीला द्यायचाय. चर्चच्या मंडळीत पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावून आभाराची प्रार्थना केली. एक स्थळही आलंय. त्यांना 'जर्मनीला जाणारी' मुलगी हवी आहे.

मागच्या पावसाळ्यात मी मंडळीच्या तरुण संघाबरोबर नंदुरबार जिल्ह्यातल्या एका मिशन रुग्णालयात आठवडाभर शिबिराला गेले होते. निघताना तिथल्या मेट्रन सिस्टर सहज म्हणाल्या, "येतेस का इथे कामाला?" ते वाक्य डोक्यातून जात नाही. इथे पेशंट म्हणजे बेड नंबर. रात्रपाळी संपवून हॉस्टेलवर आले की रडू येतं. मला हे देवाचं पाचारण वाटतं. आईला सांगितलं तर ती दोन दिवस धड जेवली नाही. पप्पा एवढंच म्हणाले, "देव काय जर्मनीत नाही का?" मला उत्तर सुचलं नाही.

जगाची स्वप्नं सोडून प्रभूच्या मागे जायचं म्हटलं तर आईवडिलांना दुखवावंच लागतं ना?

– एक मुलगी, पुणे

उत्तर

सलाम, बेटा.

पप्पांना सांग, देव जर्मनीत आहे. नर्सिंगच्या बाबतीत तर तिथे तो आपल्याआधी होता. ऱ्हाइन नदीकाठच्या कायझर्सवर्थ या गावात 1836 मध्ये पास्टर फ्लीडनर आणि त्यांच्या पत्नीने एक रुग्णालय काढलं आणि साध्या घरच्या मुलींना आजाऱ्यांची शुश्रूषा शिकवायला सुरुवात केली. प्रार्थना आणि पट्टी बांधणं एकाच छताखाली. 1851 मध्ये आधुनिक नर्सिंगची जननी फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथे तीन महिने शिकायला राहिली. आपल्याला कॉलेजात तिच्या दिव्याची गोष्ट सांगतात, कायझर्सवर्थ सहसा कोणी सांगत नाही. आजही कुणी नर्स तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालत असेल आणि ते मनापासून करत असेल, तर तिची सेवा नंदुरबारच्या सेवेपेक्षा तसूभरही कमी नाही. त्यामुळे एका पारड्यात जर्मनी आणि दुसऱ्यात प्रभू असा तराजू मांडू नकोस. तो मांडलास की पप्पा पहिल्याच वाक्यात जिंकतात, आणि ते बरोबरच असतात.

मग सोडायचं ते स्वप्न कुठलं? ते तुझ्या पत्रातच आहे, पण दुसऱ्याच ओळीत. "त्यांना जर्मनीला जाणारी मुलगी हवी आहे." नर्स मुलगी नको, तू तर नकोच. जर्मनीला जाणारी कोणीही चालेल.

आपल्या आज्यापणज्या या धंद्यात आल्या तेव्हा 'बऱ्या घरातल्या' लोकांनी नाकं मुरडली होती. परक्याचं रक्त, परक्याचा मळ, रात्री घराबाहेर राहणं. म्हणून देशभर कितीतरी वर्षं हे काम बहुतांशी ख्रिस्ती मुलींनीच केलं. मिशनच्या दवाखान्यांत त्यांना ते देवाचं काम म्हणून शिकवलं जायचं, पगार पोटापुरता असायचा. तेच काम आता तिकीट झालंय. यात मी मुलींना दोष देत नाही. इथल्या खासगी रुग्णालयांनी नर्सचा पगार आणि मान जिथे ठेवलाय तो बघता मुली निघून जातात याचं नवल वाटत नाही. मला खटकतं ते मंडळीतलं. साक्षीच्या वेळी उठून लोक काय सांगतात ते आठव. व्हिसा मिळाला, फ्लॅटचा ताबा मिळाला, मुलाचं पॅकेज वाढलं, देवाची स्तुती असो. "मी कमी पगाराचं काम घेतलं, देवाची स्तुती असो," असं कोणी म्हटलेलं तू ऐकलंयस? मी मेट्रन म्हणून निवृत्त झाले, उपासनेला आजही जाते, आणि मी तरी ऐकलेलं नाही. शेजारच्यांचं स्वप्न आपण उचललं आणि त्यावर आमेन म्हटलं. म्हणूनच ते ओळखायला इतकं अवघड झालंय. ते स्वप्न बाहेरून आलं असतं तर तू केव्हाच नाही म्हणाली असतीस. ते पाळकसाहेबांच्या प्रार्थनेतून आलं, आईच्या आनंदातून आलं.

आता तुझ्या शेवटच्या वाक्याकडे येते. आईवडिलांना दुखवावंच लागतं ना, असं विचारलंयस. तुझ्या मनात मत्तयाचा दहावा अध्याय असणार: जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. ते वचन आहे, आणि मी ते पातळ करणार नाही. पण त्याच प्रभूचं दुसरं बोलणं मार्काच्या सातव्या अध्यायात आहे, ते आपण तरुण संघात फारसं वाचत नाही. काही लोक आईवडिलांना सांगायचे की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं होतं ते आता कुर्बान आहे, म्हणजे देवाला अर्पण झालं, तुमचा त्यावर हक्क नाही. शास्त्री-परूशी, म्हणजे त्या काळचे ज्यू धर्मपंडित, म्हणायचे, ठीक आहे, अर्पण मोठं. येशू त्यावर चिडलाय. देवाच्या नावाखाली तुम्ही देवाचीच आज्ञा मोडता, असं तो तोंडावर म्हणतो.

तुझ्या बाबतीत ते कुर्बान म्हणजे 2 लाख 40 हजार.

कठोर वाटेल, पण नीट बघ. पप्पांनी पेन्शनवर कर्ज काढलं ते तुझ्या पगाराच्या भरवशावर. तू उद्या "मला देवाने बोलावलं" म्हणून निघून गेलीस आणि हप्ता त्यांच्याच गळ्यात राहिला, तर तू जगाचं स्वप्न सोडलं नाहीस, फक्त त्याचं बिल वडिलांना दिलंस. आपल्याकडे पुढे निघालेल्या माणसाचं कौतुक होतं आणि मागे राहिलेल्यांनी काय भरलं ते कोणी लिहीत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण त्यांना धाडसी म्हणतो, आणि ते होतेच. पण पत्नी लक्ष्मीबाईंना आधी काही न सांगता घेतला. नवरा जिवंत असून नसल्यासारखी काही वर्षं त्या बाईने नातेवाइकांच्या घरी काढली, लोकांचं बोलणं खाल्लं. पुढे त्या टिळकांकडे आल्या, स्वतःच्या मनाने विचार करून 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि ते सगळं 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात न कुढता लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत तरी आहे. टिळकांची कीर्तनं, भजनं मला पाठ आहेत. तरी विश्वासाची किंमत कोणी मोजली असं विचारशील तर मी आधी लक्ष्मीबाईंचं नाव घेईन. तुझ्या घरी आईने दोन दिवस ताट बाजूला सारलं, त्याला मी नुसता हट्ट म्हणणार नाही. तिला वाटलं असेल की हिने आपल्याला न विचारताच सगळं ठरवलं.

दुखवू नकोस असं मी म्हणत नाही. दुखणार आहेच. पण अपेक्षाभंगाचं दुखणं वेगळं आणि फसवल्याचं वेगळं. पहिलं त्यांना सोसू दे, ते मोठे आहेत. दुसरं मात्र होऊ देऊ नकोस.

म्हणून हिशेब. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्च मोजा, हेही प्रभूनेच सांगितलंय. तुझा पगार तू लिहिला नाहीस. हॉस्टेल, मेस जाऊन महिन्याला 12 हजार बाजूला पडतात असं धरते. एक वर्ष पुण्यातच राहिलीस तर 1 लाख 44 हजार फिटतात. उरले 96 हजार. मिशन रुग्णालयात पगार कमी असेल, पण राहायला क्वार्टर आणि जेवायला मेस बहुधा मिळते, त्यामुळे तिथून महिन्याला 6 हजार पाठवणं जमावं. सोळा हप्ते, आणि पतसंस्थेच्या व्याजाचे अजून पाच-सहा. तुझे आकडे वेगळे असतील, ते घालून तू पुन्हा मांड. पण कागदावर मांड, आणि तो कागद पप्पांच्या हातात दे. निवृत्त मास्तर आहेत, बेरीज तपासतील. तपासू दे. "माझं पाचारण आहे" यावर त्यांना वाद घालता येतो, दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर नाही.

तुला हे वर्ष उशीर वाटेल. नाइटिंगेलला देवाची हाक आली असं तिने स्वतः लिहून ठेवलंय, ते 1837 मध्ये, सोळाव्या वर्षी. आई आणि बहीण कडाडून विरोधात होत्या. श्रीमंत घरची पोर, लग्न करायचं, घर सांभाळायचं, हे त्या काळातलं त्यांचं 'पॅकेज'. नर्स म्हणजे तिकडेही तेव्हा हलक्या प्रतीची बाई समजत. तिने चांगलं स्थळ नाकारलं, घरातच राहून पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल वाचले, आणि लंडनमधल्या एका छोट्या रुग्णालयाचं काम तिच्या हाती आलं 1853 मध्ये. हाक खरी असेल तर वर्षभराने विझत नाही. वर्षभराने विझली, तर बरं झालं, पप्पांचं कर्ज तरी फिटलं.

आणि ती विझू शकते, हेही बोलूया. तुझ्या पत्रात मेट्रन सिस्टरचं एक वाक्य आहे आणि त्याला लागूनच रात्रपाळी आणि रडणं आहे. मी वॉर्डात आयुष्य काढलंय. आयसीयूत सलग रात्रपाळ्या करणाऱ्या मुलीला डोंगर, पाऊस, हसणाऱ्या बायका आणि 'येतेस का' म्हणणारी मेट्रन दिसली तर तिला तिथे स्वर्ग दिसणारच. थकवा हे पाचारण नाही. मात्र थकलेल्या माणसाला पाचारण होऊच शकत नाही असंही नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला होता, देवाने त्याला आधी जेवायला घातलं, पुन्हा झोपू दिलं, कामाचं नंतर सांगितलं. तू आधी सुट्टी घे. घरी जाऊन झोप. मग बघ ते वाक्य अजून डोक्यात आहे का.

असेल तर पुन्हा नंदुरबारला जा, पण या वेळी शिबिरवाली म्हणून नको. शिबिराला गेलेल्यांना लोक चांगल्या खोल्या देतात, संध्याकाळी गाणी होतात, निघताना फोटो होतात. तू पंधरा दिवस ड्युटी करायला जा, शक्यतो पावसाळ्यातच. रात्री दोनला सर्पदंशाचा पेशंट जीपमधून उतरेल, सोबत दहा माणसं. सिकलसेलचं पोर कळांनी ओरडत असेल आणि रक्ताची पिशवी लांबच्या गावाहून यायची असेल. अडलेली बाई उशिरा पोचेल कारण नदीला पाणी होतं. तिथे दोन नर्स एकमेकींशी ड्युटीवरून भांडतील, आणि त्याच दोघी सकाळच्या प्रार्थनेत शेजारी उभ्या असतील. ते बघ. पेशंटला तिथेही घाईच्या दिवशी बेड नंबरच म्हणतात, खोटं कशाला सांगू.

मेट्रनना न लाजता विचार. पगार किती, वेळेवर होतो का? पीएफ आहे का? रात्रपाळीला एका नर्सकडे किती पेशंट? मुलींच्या क्वार्टरला कुंपण, दिवा, पहारा आहे का? आजारी पडले तर कोण बघणार? देवाच्या कामात हे विचारायचं नसतं असं कोणी म्हणालं तर त्याला सलाम करून परत ये. आपल्या संस्थांनी 'सेवा' या नावाखाली मुलींना फार स्वस्तात राबवलंय. अजून एक: तिथली बोली शिकावी लागेल. मावची, भिली, पावरी, जी त्या भागात चालते ती. जर्मन शिकलीस तितक्याच नेटाने शिक. या शिक्षणाला प्रमाणपत्र नाही, आणि शिकलीस म्हणून कुठलंही स्थळ येणार नाही.

तुझ्या जिल्ह्यातलंच उदाहरण आठवून ठेव. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. लग्न करतानाच खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं दोघांनी ठरवलं होतं. आधी जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात राबले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि 1970 मध्ये येऊन बसले जामखेडला, दुष्काळी तालुक्यात. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं, पण ती पुढची गोष्ट. तुझ्यासाठी त्यातली मधली गोष्ट कामाची आहे. शिकलेल्या नर्स खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना, काहींना तर अक्षरओळख नव्हती, बाळंतपण आणि बालकांचं आरोग्य शिकवलं, आणि त्या बायकांनी तालुका बदलला. तू गेलीस तर तिथल्या बायका आधीपासून काय करताहेत ते बघ आणि त्यांच्याकडून शीक. आपण त्यांना तारायला आलोय असं समजून गेलेल्या मुली सहा महिन्यांत परत येतात.

आता तू म्हणशील, आरोळे अमेरिकेला गेलेच ना, मग मी दोन वर्षं जर्मनी करून कर्ज फेडून नंदुरबारला का जाऊ नये? जाऊ शकतेस, आणि तसं ठरवलंस तर मी तुला नाव ठेवणार नाही. फक्त आरोळे निघाले तेव्हा परत कुठे यायचं ते त्यांना माहीत होतं. 'दोन वर्षं' म्हणून गेलेल्या आपल्या मुलींपैकी फार थोड्या परतताना मी पाहिल्या. कोणी वाईट नव्हतं. भावाचं लग्न निघालं, घराचा स्लॅब टाकायचा निघाला, मग स्वतःचं लग्न, मग पोराची तिकडची शाळा. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं. तुझ्यासाठी ती वाट मला धोक्याची वाटते, कारण तू पप्पांच्या एका प्रश्नापुढे गप्प झालीस. तिकडे तुला असे प्रश्न रोज कोणीतरी विचारेल.

म्हणून माझं मत विचारशील तर: करारावर सही करू नकोस. पुण्यात वर्षभर राहा, जमलं तर आयसीयूतून दुसऱ्या वॉर्डात बदली मागून घे, कर्ज उतरव, मध्ये पंधरा दिवस तिकडे ड्युटी कर, आणि मग जा.

घरी सांगताना एक पथ्य पाळ. "देवाने मला सांगितलं" असं म्हणू नकोस, जरी तुला तसं वाटत असलं तरी. ते म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. आई काय बोलणार, देवाशी भांडणार? "मी ठरवलंय" असं म्हण. मग ती तुझ्याशी भांडू शकेल, आणि तिला ते करायला मिळालं पाहिजे. सगळं एका बैठकीत उरकू नकोस. पप्पांना नंदुरबारला सोबत ने. मास्तर माणूस आहे, वॉर्डातल्या पोरांना पाढे म्हणायला लावेल. त्यांचं मन वळेलच याची खात्री मी देत नाही, काहींचं शेवटपर्यंत वळत नाही. पाळकसाहेबांनाही तूच जाऊन सांग. त्यांनी आभाराची प्रार्थना केली होती, तर ती मागे घ्यायची गरज नाही म्हणावं, भाषा शिकले ते वाया गेलं नाही. पुढच्या साक्षीच्या रविवारी तुला उभं करतात का ते मला जरूर कळव, मला उत्सुकता आहे.

स्थळाला आजच उत्तर दे, 15 तारखेची वाट बघू नकोस. आईकरवी निरोप नको. आधीच ती दुखावलेली आहे, वर त्या लोकांचे टोमणे तिने का ऐकावेत? मुलाला स्वतः फोन करून सांग की जर्मनीला जात नाहीये, अजून वर्षभर पुण्यात आहे आणि पुढे नंदुरबारचा विचार आहे. तो बहुतेक फोन ठेवेल. नाही ठेवला, पुढे काही विचारलं, तर घाई न करता त्याला एकदा भेट.

एजन्सीला नकार लेखी कळव, ईमेलने, आणि पोच मागून घे. मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे जमा असतील तर ती परत हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण कधी आहे ते आत्ताच बघून ठेव.